हिमोढामागचं तळं

निकाल आला तेव्हा मी तीच ओळ तीनदा वाचली. तळ्याच्या तळाशी असलेला गाळ, ते तळं अडवून धरणाऱ्या बांधापेक्षा काही हजार वर्षांनी जुना निघाला होता. बांध घालायच्या आधीच पाणी साठलं, असं त्या आकड्यांचं म्हणणं होतं. असं होऊ शकत नाही. कुठेतरी आमचंच चुकलं होतं, आणि ते नेमकं कुठे हे कळायला पुढचं जवळजवळ दीड वर्ष गेलं.

बांध कसला आणि तळं कुठलं ते आधी सांगते. मनालीहून अटल बोगद्यातून बाहेर पडलं की आपण लाहौलमध्ये असतो. पाऊस, देवदार, सफरचंदाच्या बागा मागे राहतात. तिथून ग्राम्फूकडे वळलं की छत्रू, छोटा दर्रा, बातल अशी चंद्रा नदीच्या काठाने वाट जाते. रस्ता म्हणजे बहुतेक ठिकाणी दगडगोट्यांचं पात्रच. मी मेहकरची. लोणारचं तळं आमच्यापासून जवळच, शाळेची सहल दरवर्षी तिकडेच. त्यामुळे ‘तळं’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर खळगा येतो, बेसाल्टचा काळा कडा येतो. चंद्रेच्या खोऱ्यात मात्र तळी बर्फाने घडवलेली आहेत. हिमनदी खाली सरकताना दगड, वाळू, माती सोबत ओढते आणि जिथे ती थांबते, वितळते, तिथे तो सगळा माल टाकून देते. शाळेच्या भूगोलात आपण ‘हिमोढ’ हा शब्द पाठ करतो, तोच हा. बर्फ मागे हटला की हिमोढाच्या वरंब्यामागे कधीकधी पाणी अडतं. आमचं तळं असंच, नकाशावर नाव नसलेलं, एका बाजूच्या हिमोढामागे दडलेलं. चंद्रताल त्याच खोऱ्यात आहे आणि त्याचा तळ खणायचं मलाही फार वाटत होतं, पण ते अभयारण्यात येतं. माझ्या मार्गदर्शक सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “अगं, जिथे खणल्याने कुणाचं काही बिघडणार नाही अशीच जागा शोधायची.” वनखात्याची परवानगी आम्हाला या लहान तळ्यासाठीही घ्यावी लागलीच.

आता मूळ प्रश्न. जुन्या हिमनद्या कुठवर पोहोचल्या होत्या ते हिमोढावरून दिसतं. त्यावरून त्या काळी किती थंडी होती ते काढता येईल, असं मला एम.एस्सी. होईपर्यंत सरळ वाटायचं. तसं नाही, हे सरांनी एका संध्याकाळी बातलच्या ढाब्यावर राजमा-चावल खाताना समजावलं. हिमनदी म्हणजे जमाखर्च. वरच्या भागात बर्फ जमा होतो, खालच्या भागात वितळतो, आणि मध्ये कुठेतरी जमा आणि खर्च सारखे होतात. ती समतोल रेषा. याच खोऱ्यातल्या छोटा शिग्री हिमनदीवर २००२पासून दरवर्षी बांबू रोवून हा जमाखर्च मोजला जातो. तिची समतोल रेषा साधारण ४,९०० ते ५,००० मीटरच्या दरम्यान असेल तर हिशेब जुळतो. समजा जुन्या हिमोढावरून दिसलं की ही रेषा एकेकाळी ३०० मीटर खाली होती. उंचीबरोबर तापमान दर किलोमीटरला सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे तेव्हा जवळजवळ दोन अंश जास्त थंडी असावी. पण थंडी तेवढीच ठेवून बर्फच जास्त पडला असता तरी रेषा तेवढीच खाली आली असती. जमा वाढली काय किंवा खर्च घटला काय, शिल्लक सारखीच दिसते. दगडाला विचारलं तर तो एवढंच सांगेल की बर्फ इथवर आला होता. का आला होता, ते त्याला माहीत नाही.

लाहौलच्या बाबतीत हा नुसता पुस्तकी पेच नाही. भूवैज्ञानिक लुइस ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खोऱ्यातल्या हिमोढांची वयं काढून २००१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी इथल्या हिमयुगी टप्प्यांना चंद्रा, बातल, कुल्टी, सोनापानी अशी इथलीच नावं वापरली. बातल टप्प्यात संपूर्ण दरी बर्फाने भरली होती, आणि त्याचं वय निघालं सुमारे १५,५०० ते १२,००० वर्षं. त्यानंतरचा कुल्टी टप्पा ११,४०० ते १०,००० वर्षांपूर्वीचा. तेव्हा हिमनद्या आजच्या जागेपासून सुमारे दहा किलोमीटर पुढे गेल्या होत्या. हे दोन्ही काळ तसे उत्तर गोलार्ध उबदार होत असतानाचे. जग तापत असताना इथे बर्फ पुढे का यावा? त्यांचं उत्तर होतं: मान्सून जोर धरत होता, वर बर्फ जास्त पडत होता. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून ते जाईना. जो पाऊस आमच्या पेरण्या ठरवतो, त्याच पावसाची एक शाखा रोहतांगपलीकडे हिमनद्या वाढवत होती. आज तिथे पडणाऱ्या बर्फात हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांचाच, म्हणजे पश्चिमी विक्षोभांचाच, वाटा मोठा आहे. म्हणून तर जुन्या काळात वाटा कुणाचा किती होता, हे तपासणं महत्त्वाचं. आणि ते तपासायचं तर दगडाच्या जोडीला ओलं-कोरडं सांगणारा दुसरा साक्षीदार हवा. तो म्हणजे तळ्याचा गाळ.

दगडाचं काम आधी केलं. अवकाशातून येणारे वैश्विक किरण गारगोटीतल्या ऑक्सिजनच्या अणूंवर आदळतात आणि अगदी थोडं बेरिलियम-१० तयार होतं. समुद्रसपाटीला एका ग्रॅम गारगोटीत वर्षाला चार-पाच अणू. चार हजार मीटरवर हवा विरळ असल्यामुळे त्याच्या जवळजवळ दहापट. दगड हिमनदीच्या पोटात असेपर्यंत बर्फ त्याला झाकून ठेवतो. हिमोढावर येऊन उघडा पडला की मोजणी सुरू. म्हणून दगड निवडणं हेच निम्मं काम. मीटरभर तरी उंच हवा, म्हणजे मातीत किंवा हिवाळी बर्फात गाडला गेला नसेल. वरंब्याच्या माथ्यावर घट्ट बसलेला हवा, पृष्ठभाग झिजलेला किंवा पापुद्रे सुटलेला नको. आम्ही दोन दिवस नुसते फिरत होतो, दगडाला हात लावत, पाय देऊन हलवून बघत. मग छिन्नी-हातोड्याने अगदी वरचे दोन-तीन सेंटिमीटर काढायचे, कारण खाली जावं तसं किरणांचा मारा कमी होतो, साठेक सेंटिमीटरवर एकतृतीयांशाच्या थोडा वरच उरतो. किलोभर चुरा जमवायला त्या उंचीवर तासभर लागायचा. दहा घाव घातले की मी खाली बसायचे. चहूबाजूंच्या डोंगरांनी आकाशाचा किती भाग झाकलाय तेही प्रत्येक दगडापाशी कोनमापकाने टिपायचं, कारण तेवढे किरण अडलेले असतात. एका वरंब्यावरून आम्ही पाच दगड घेतले. एकावर कधीच विसंबायचं नाही. एखादा नंतर घरंगळलेला असतो, एखादा आधीच कुठल्या कड्यावर उघडा पडून वय साठवून आलेला असतो.

गाळ काढायला रबराच्या दोन होड्या एकमेकींना फळीने बांधल्या, चार कोपऱ्यांना दगड भरलेल्या गोण्या दोरीने सोडल्या. मध्ये भोक ठेवून तिथून नळी खाली. वारा दुपारी सुटतो, म्हणून पहाटे साडेपाचला पाण्यावर. पहिल्या नळीच्या वेळी आतला दट्ट्या अडकला आणि वर खेचताना सगळा गाळ तळ्यात परत गेला. मी रडले, थंडीनेही असेल. आमच्यासोबत स्पितीचे ड्रायव्हरदादा होते. त्यांनी काही न बोलता चहा दिला आणि दोऱ्या पुन्हा ताणून बांधल्या. दुसऱ्या दिवशी पावणेदोन मीटर गाळ सलग हाती आला. पारदर्शक नळीत तो पाहणं हा माझ्यासाठी या सगळ्या कामातला सर्वात मोठा क्षण होता. वरती चॉकलेटी, मध्ये गडद, मग एकाएकी फिकट राखाडी, मऊ, पिठासारखा थर, आणि तळाशी खडी. नळी पडू न देता, आडवी न करता मनालीपर्यंत मांडीवर धरून आणली.

प्रयोगशाळेतलं गारगोटीचं काम लांबलचक आहे. दगड फोडायचा, चाळायचा, चुंबकाने लोहयुक्त खनिजं काढायची, मग हायड्रोफ्लोरिक आम्लात पुन्हा पुन्हा धुवायचं, शुद्ध गारगोटी उरेपर्यंत. या आम्लाचा थेंब कातडीवर पडला तर आत हाडापर्यंत जातो. कॅल्शियम ग्लुकोनेटच्या जेलची नळी टेबलावर उघडी ठेवल्याशिवाय आम्ही बाटलीला हात लावत नसू. शेवटी चिमूटभर बेरिलियम ऑक्साइड उरतं आणि ते ॲक्सिलरेटरवर मोजायला जातं. आपल्याकडे दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये अशी सोय आहे, त्यामुळे प्रत्येक नमुना परदेशीच पाठवावा लागतो असं आता राहिलेलं नाही. आमच्या पाच दगडांपैकी चारांची वयं एकमेकांना धरून आली, पाचवा फारच तरुण निघाला. तो बहुधा माती धुपल्यावर उघडा पडलेला. चौघांचं वय ओवेन यांच्या कुल्टी टप्प्याशी जुळणारं होतं. (बेरिलियम-१० तयार होण्याचा दर नव्याने ठरवला की अशी सगळी वयं थोडी सरकतात, हे ध्यानात ठेवूनच ‘जुळणारं’ म्हणतेय.)

गाळातून परागकण काढले. इथे माझ्यासाठी एक आनंदाची गोष्ट घडली. थंड, कोरड्या डोंगरात ओलावा मोजण्यासाठी दोन वनस्पतींच्या परागांचं गुणोत्तर बघतात: आर्टेमिसिया आणि चिनोपोड. कितीतरी दिवस मी ही नावं इंग्रजी लेखांत वाचत होते. एकदा आईशी फोनवर बोलताना लक्षात आलं की आर्टेमिसिया म्हणजे आपल्या दवण्याचं कुळ, चैत्रात ज्योतिबाला वाहतात तो, आणि चिनोपोड म्हणजे चाकवताची भावंडं. दवण्याच्या जातीला थोडी तरी ओल लागते, चाकवताचे गोतावळे कोरड्या, खारट जमिनीतही तग धरतात. दवणा वाढला की ओलं, चाकवत वाढला की कोरडं. त्यानंतर वहीत मी ‘द’ आणि ‘चा’ असंच लिहीत गेले. एका काचपट्टीवर तीनशे कण मोजायचे, अशा शंभराच्या वर काचपट्ट्या. देवदार आणि चीडचे कणही भरपूर सापडतात, पण ते वाऱ्याने खालून, कुल्लूकडून येतात. तळ्याकाठी देवदार होता असं त्यावरून समजायचं नाही.

राखाडी थरात पराग जवळजवळ नव्हतेच. त्याच्यावर दवणा झपाट्याने वाढत गेला, आणि वरच्या भागात चाकवताने हळूहळू जागा घेतली. हे सगळं नीट बसत होतं, फक्त कधी घडलं ते कळायला हवं होतं. म्हणून गाळातल्या कार्बनचं वय काढायला नमुने पाठवले, आणि सुरुवातीला सांगितलेला तो निकाल आला.

मोजणाऱ्यांवर शंका घ्यायला जागा नव्हती, आम्ही दिलेल्या मातीचंच वय त्यांनी सांगितलं होतं. मग आम्ही तळ्यातला अगदी वरचा, गेल्या वर्षी-दोन वर्षांत साचलेला गाळ पाठवला. त्याचं वय ‘आज’ यायला हवं. तेही हजारो वर्षं आलं. तेव्हा उलगडलं. बातलच्या आसपास काळा, पाटीसारखा दगड आहे, पहिलीत ज्यावर अक्षरं गिरवली त्याच जातीचा. त्याचा काळेपणा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचा कार्बन, ज्यात मोजण्याजोगं कार्बन-१४ (काळाबरोबर घटत जाणारा, ज्यावरून वय काढतात तो कार्बन) काहीच उरलेलं नाही. तो दगड झिजून तळ्यात येतो आणि ताज्या गाळात मिसळून त्याला म्हातारं करतो. मी पूर्ण गाळाचं वय मागितलं, ही चूक माझी. वरच्या गाळाचं जास्तीचं वय सगळीकडून वजा केलं तर काम होईल असं मला वाटलं, पण सरांनी मान हलवली. राखाडी थरात दगडाचं पीठ जास्त, वरच्या थरात कमी. म्हणजे चूकही थराथराला वेगळी.

उपाय एकच. जमिनीवर वाढलेल्या झाडाचा तुकडा शोधायचा, ज्याने आपला कार्बन थेट हवेतून घेतला. एक मिलिग्रॅम कार्बनही पुरतो, पण तो सापडायला तर हवा. माझ्या अर्ध्या नळीतला तळाचा गाळ परागांसाठी संपत आला होता. नळी उभी चिरली की एक अर्धा कामाचा आणि दुसरा जपून ठेवायचा, असा रिवाज आहे. मी सरांना म्हटलं, “सर, जपलेल्या अर्ध्यातलं तीन सेंटिमीटर घेऊ द्या, एवढ्यावर सगळं अडलंय.” ते म्हणाले, “आपण आज जे मोजायला शिकलो नाही, ते मोजणारं कुणीतरी उद्या येईल. त्याच्यासाठी ठेवलंय ते.” मला तेव्हा राग आला होता. आज तसंच मी माझ्या विद्यार्थिनीला सांगते.

तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गेलो. तीच होडी, त्याच गोण्या. या वेळी दोन दिवस हातात होते म्हणून चंद्रतालहून पुढे समुद्र टापू हिमनदीकडे चालत गेलो. तिच्या तोंडाशी आज एक मोठं तळं आहे. गेल्या काही दशकांच्या उपग्रहचित्रांत ते वाढताना स्पष्ट दिसतं. पाणी दुधात राख कालवल्यासारखं. मी हात बुडवला आणि बोटांवर तेच मऊ पीठ आलं, माझ्या नळीतल्या फिकट थरासारखंच. बर्फाने दगडावर दगड घासून केलेलं पीठ. आमचं तळंही जन्मताना असंच दिसत असणार. वर बर्फ होता तोवर राखाडी, बर्फ दूर गेला की निवळ, मग गवत, मग काळा गाळ. ही गोष्ट मी वर्षभर सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते, पण समजली तिथे उभी राहून.

नवा गाळ बारीक चाळणीवर ऊर्ध्वपातित पाण्याने धुवून, ओल्या ब्रशाने एकेक काळा ठिपका उचलून बघायचा. बहुतेक पाटीच्या दगडाचेच कण. सात आठवड्यांनी राखाडी थराच्या अगदी वर, पहिल्या गडद रेषेत, नखाच्या टोकाएवढा पानाचा तुकडा मिळाला. शिरा दिसत होत्या. खुज्या विलोचं पान असावं असं वनस्पतीशास्त्राच्या ताईंनी सांगितलं. त्याचं वय दगडांच्या वयानंतरचं आलं, फार नंतरचं नाही. बांध आधी, पाणी नंतर.

यातून मिळालं काय, तर बर्फ हटल्यानंतर लगेचचा काळ इथे ओला होता. हे एकट्या आमच्या तळ्यावरून म्हणत नाही. लडाखच्या त्सो मोरीरी सरोवराच्या गाळातली नोंद सुमारे २६,००० वर्षं मागे जाते, आणि तिथेही सुमारे ११,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी पाणी भरपूर होतं. डेहराडूनच्या वाडिया संस्थेच्या अभ्यासकांनी चंद्रेच्याच खोऱ्यात दलदलीच्या मातीतून काढलेला जवळजवळ १२,९०० वर्षांचा इतिहासही थंड-कोरड्या काळानंतर मान्सून बळावल्याचं दाखवतो. म्हणजे कुल्टीचा बर्फ वाढला तो निव्वळ थंडीने नव्हे, याला आधार वाढतो. पण आमचं तळं बर्फ गेल्यावरच जन्मलं. बर्फ पुढे येत होता त्या वेळची साक्ष त्याच्याकडे असूच शकत नाही. त्यासाठी बर्फ जिथे कधी पोहोचलाच नाही अशा ठिकाणचं जुनं तळं हवं. माझा पुढचा अर्ज त्याचसाठी आहे.

आणि वरच्या थरातला चाकवत? तो वाढत जातो तेव्हा मला लोणार आठवतं. तिथे २००८ मध्ये काढलेल्या सुमारे दहा मीटर गाळात गेलुसाइट नावाच्या खनिजाचे खडे सापडले. पाणी आटून खारेपणा फार वाढला की ते तयार होतात. त्यांचा पहिला पट्टा ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा. सहलीत नाकाला रुमाल लावून ज्या काठावर आम्ही धावायचो, त्याच्या तळाशी सातशे वर्षांचा दुष्काळ होता. चंद्रेच्या आणि लोणारच्या कोरड्या काळांची सांगड घालायला आमच्याकडे अजून पुरेशी पानं नाहीत, म्हणून घालत नाही.

पहिल्या नळीचा जपलेला अर्धा प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून चार अंशांच्या खोलीत, खालून दुसऱ्या फळीवर आहे. मध्यंतरी चिठ्ठीवरची शाई पुसट झाली होती. मी नवी लिहून लावली, वर कुठे आणि खाली कुठे ते बाणाने दाखवून.